पाराशा : पाठ सर्वांचा, अर्थ ज्याचा त्याचा

धर्मग्रंथ घरात असणे आणि धर्मग्रंथ आयुष्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेली पोथी ठरलेल्या महिन्यात उघडली जाते, तिचे पारायण होते, आरती होते आणि ती पुन्हा बांधली जाते. वाचणाऱ्याला पुण्य लाभल्याचे समाधान मिळते. परंतु पोथीने आपल्याला काही विचारले, असा अनुभव त्याला क्वचितच येतो. ही अडचण कोणा एका धर्माची नाही. ज्यू समाजाने मात्र तिच्यावर फार पूर्वी एक साधा उपाय योजला. त्याने आपल्या मूळ ग्रंथाचे आठवड्यागणिक वाचावयाचे भाग पाडले आणि जगभरच्या प्रत्येक ज्यूने त्या आठवड्यात तोच भाग वाचावा, असा प्रघात घातला. या भागाला हिब्रू भाषेत ‘पाराशा’ म्हणतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. महाराष्ट्रातील ज्यू समाजाची वस्ती प्रामुख्याने कोकण, मुंबई, ठाणे आणि पुणे येथे राहिली. वैनगंगेच्या खोऱ्याशी तिचा फारसा संबंध आला नाही. परंतु पाराशा वाचण्याची जी रीत आहे, ती या दोन जिल्ह्यांच्या जीवनाशी ताडून पाहिली, तर हा परका वाटणारा ग्रंथ येथल्या रोजच्या प्रश्नांना हात घालताना दिसतो. ग्रंथात स्वतःसाठी अर्थ शोधणे म्हणजे काय, हेही त्यातून उलगडते.

चोपन्न भागांचे वर्ष

ज्यूंचा मूळ ग्रंथ म्हणजे ‘तोरा’. मोशेशी जोडलेली पाच पुस्तके त्यात येतात. मराठी बायबलच्या वाचकांना ती उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी परिचित आहेत. या पाच पुस्तकांचे ५४ भाग केलेले असून शरद ऋतूत, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या सुमारास, ‘बेरेशीत’ या पहिल्या भागाने वाचनास प्रारंभ होतो. वर्षभरात संपूर्ण ग्रंथ वाचून होतो. प्राचीन काळी पॅलेस्टाइनमध्ये हा ग्रंथ सुमारे तीन वर्षांत पूर्ण करण्याची रीत होती, तर बाबिलोनमध्ये एका वर्षात. बाराव्या शतकातील प्रवासी बेंजामिन ऑफ तुडेला याने इजिप्तमध्ये या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदताना पाहिल्याची नोंद केली आहे. पुढे वार्षिक रीतच सर्वत्र रूढ झाली.

ज्यू पंचांग चांद्रमासावर आधारलेले असून ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यात १९ वर्षांत ७ वेळा एक महिना वाढवला जातो. आपल्याकडील अधिक मासाचे गणितही जवळपास असेच असल्यामुळे मराठी वाचकाला ते सहज उमजावे. महिना वाढलेल्या वर्षी आठवडे अधिक मिळतात. एरवी ते कमी पडतात, तेव्हा काही भाग जोडीने वाचले जातात.

मुख्य वाचन शनिवारी, म्हणजे शब्बाथ या विसाव्याच्या दिवशी सकाळी होते. सोमवारी आणि गुरुवारीही येणाऱ्या भागाचा आरंभ थोडक्यात वाचला जातो. हे दोन दिवस निवडण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. प्राचीन काळी ते बाजाराचे दिवस होते. आठवडी बाजारासाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसाच्या कानावर चार वचने पडावीत आणि ग्रंथाविना सलग तीन दिवस कोणाचेही जाऊ नयेत, असा त्यामागील हेतू होता. ज्या जिल्ह्यांत आजही मीठमिरचीपासून सोयरिकीच्या बोलण्यापर्यंत सारे काही आठवडी बाजारात होते, तेथे या योजनेचे शहाणपण वेगळे सांगावे लागत नाही.

वाचन होते ते चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून. तिला ‘सेफेर तोरा’ म्हणतात. परंपरेने तिची अक्षरे मोजलेली आहेत : ३ लाख ४ हजार ८०५. त्यांत एक जरी अक्षर चुकले वा पुसले गेले, तरी दुरुस्तीपर्यंत ती गुंडाळी वाचनासाठी वापरता येत नाही. तिच्यात स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात. वाचणाऱ्याला आठवडाभर तयारी करावी लागते आणि वाचताना तो अडखळला वा चुकला, तर ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी तेथल्या तेथे दुरुस्ती सुचवतो. शब्बाथच्या सकाळी सात जणांना क्रमाने गुंडाळीपाशी बोलावले जाते. ग्रंथ पुरोहिताच्या ताब्यात राहू नये, समाजातील सामान्य माणसालाही त्याच्यापाशी उभे राहता यावे, हा या रीतीचा आशय आहे.

घाण्यापासून ग्रंथापर्यंत

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. कोकणातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी या समाजाची श्रद्धा आहे. गावोगाव पांगलेल्या या कुटुंबांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. गावांच्या नावांवरून दिवेकर, केहीमकर, राजपूरकर अशी आडनावे त्यांना मिळाली. दीर्घ काळ या समाजापाशी तोराची गुंडाळी नव्हती, हिब्रूचे ज्ञान नव्हते; होती ती ‘शेमा’ या मूळ प्रार्थनेची आठवण, काही व्रते, काही सण आणि शनिवारचा विसावा. म्हणजे ग्रंथ जवळ नव्हता, पण ग्रंथाने सांगितलेला दिवस जपलेला होता.

कोचीनच्या ज्यूंशी संबंध आल्यानंतर या समाजात ग्रंथवाचनाची परंपरा रुजली. कंपनी सरकारच्या सैन्यात अधिकारी असलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. त्यासाठी सेफेर तोरा मिळवण्याकरिता ते कोचीनला गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला, असे समाजाचा इतिहास सांगतो. एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे अशा ठिकाणी सिनेगॉगे झाली.

तथापि हिब्रूत वाचलेले कळेपर्यंत अर्थाचा शोध सुरू होत नाही. तो पूल मराठीने बांधला. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रूतील प्रार्थना व अन्य ग्रंथ मराठीत आणले. वल्हांडण सणाच्या विधीचे मराठी भाषांतरासह सचित्र पुस्तक १८७४ मध्ये पुण्यात छापले गेले. एवढ्यावर न थांबता समाजातील काही जाणत्यांनी कीर्तनाचा मार्ग धरला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीच्या चालींवर, टाळ-झांजांच्या साथीने गायिली जाऊ लागली. ग्रंथ हजारो मैलांवरचा, पण तो समजून घेण्याची रीत घराशेजारच्या देवळातली, असा हा संगम होता.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. भारतात उरलेल्यांची संख्या काही हजारांतच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. रेल्वे, टपाल, लष्कर अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने या समाजातील अनेक कुटुंबे दूरदूरच्या गावी राहिली. सेफेर तोराचे सार्वजनिक वाचन करण्यास किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते, असा परंपरेचा दंडक आहे. जेथे दहा जण जमत नाहीत, तेथे गुंडाळी उघडत नाही. परंतु छापील पुस्तकातून त्या आठवड्याचा पाराशा एकट्यानेही वाचता येतो. आडगावी बदलीवर असलेल्या माणसाला त्या दिवशी अलिबागेत, मुंबईत, जेरुसलेममध्ये काय वाचले जात आहे हे ठाऊक असते आणि तेच त्याच्यापुढे उघडलेले असते. तो एकटा असतो, पण त्याचे वाचन एकटे नसते.

न निवडलेला मजकूर

स्वतःसाठी अर्थ शोधायचा, तर मनाला भावणारे वचन निवडावे आणि त्यावर चिंतन करावे, असे साधारणपणे वाटते. पाराशाची रीत याच्या अगदी उलट आहे. येथे मजकूर वाचणारा निवडत नाही. तो पाळीपाळीने त्याच्यापुढे येतो. दुःखाच्या आठवड्यात वंशावळींची लांबलचक यादी समोर येते, तर आनंदाच्या आठवड्यात शापांचे वर्णन. आवडीचे निवडणारा माणूस बहुधा स्वतःचेच मत पुन्हा ऐकतो. न निवडलेला मजकूर मात्र त्याला अपेक्षित नसलेले काही विचारू शकतो. पाराशातून वैयक्तिक अर्थ सापडतो तो या अनपेक्षितपणामुळे.

अर्थ कसाही लावण्याची मुभा मात्र परंपरा देत नाही. ती चार पायऱ्या सांगते : शब्दांचा सरळ अर्थ, सूचित अर्थ, शोधून काढलेला बोध आणि गूढार्थ. पहिली पायरी टाळून पुढे जाता येत नाही. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांचे भाष्य सरळ अर्थाच्या आग्रहासाठी आजही मूळ पाठाशेजारी छापले जाते. आठवड्याचा भाग मूळ भाषेत दोनदा आणि भाषांतरात एकदा वाचावा, असा दंडक तालमूदमध्ये आहे. ग्रंथाला सत्तर मुखे आहेत, अशीही एक प्राचीन कल्पना आहे. मुखे सत्तर असली, तरी ती एकाच ग्रंथाची, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते, हे चार पाराशांवरून पाहता येईल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने हे भाग त्यांच्या त्यांच्या महिन्यात वाचले, तर ते त्याच्याशी काय बोलतील?

छावणीबाहेरचा माणूस

एप्रिलच्या सुमारास ‘तझरिया’ आणि ‘मेत्सोरा’ हे भाग येतात. त्वचेवर विशिष्ट चट्टे उठलेल्या माणसाला याजकाने कसे तपासावे, केव्हा अशुद्ध ठरवावे, छावणीबाहेर कसे ठेवावे, याचे तपशीलवार नियम त्यांत आहेत. हे भाग वाट्याला आले की आजच्या काळात काय बोलावे, असा प्रश्न अनेकांना पडतो. भाषांतरांमध्ये या व्याधीसाठी कुष्ठरोग हा शब्द रूढ झाला. परंतु ग्रंथातील वर्णनानुसार ती कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होते. त्यामुळे ती आजच्या वैद्यकातील कुष्ठरोग नव्हे, असे अभ्यासक मानतात. प्राचीन भाष्यकारांनी तिचा संबंध परनिंदेशी जोडला : ज्याच्या जिभेने माणसांना एकमेकांपासून तोडले, तो स्वतःही लोकांपासून तुटतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील वाचकाला मात्र हा भाग नीरस वाटण्याचे कारण नाही. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले ते याच छावणीबाहेरच्या माणसासाठी. गटारात पडलेल्या तुळशीराम नावाच्या रुग्णाला पाहून ते प्रथम भयाने दूर पळाले आणि त्या भयाचीच लाज वाटून परतले, ही हकीकत महाराष्ट्राला परिचित आहे. ती मनात ठेवून मेत्सोरा वाचला, तर सहज निसटून जाणारे एक वाक्य नजरेत भरते. रुग्ण बरा झाला की नाही हे पाहण्यासाठी याजकानेच छावणीबाहेर त्याच्यापाशी जावयाचे असते. शिवाय संशय असेल तेथे लगेच निर्णय न देता सात दिवस थांबून पुन्हा तपासावयाचे असते. हा भाग वाचणाऱ्याला दोन प्रश्न विचारतो : कोणावर शिक्का मारण्याची आपण घाई केली? आणि ज्याला बाहेर ठेवले, त्याच्याकडे आपण होऊन चालत गेलो का?

जमीन कोणाची

मे महिन्यात, तेंदूपानांचा हंगाम चालू असताना, ‘बेहार’ हा भाग येतो. सहा वर्षे जमीन कसावी आणि सातव्या वर्षी तिला विसावा द्यावा. त्या वर्षी आपोआप उगवेल ते मालक, मजूर, परका आणि जनावर या सर्वांनी खावे, असे तो सांगतो. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते. त्यामुळे जमिनीची विक्री म्हणजे वस्तुतः त्या पन्नासाव्या वर्षापर्यंतच्या पिकांची विक्री. जमीन कायमची विकता येत नाही, कारण ती देवाची आहे आणि माणसे तिच्यावर पाहुणे आहेत, असे कारण ग्रंथ देतो.

हा विचार गडचिरोलीत केवळ ग्रंथातला राहिलेला नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे २०१३ मध्ये या गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला. शेत कसायचे ज्याने त्याने, पण ते बाहेर विकायचे कोणीच नाही, असा ग्रामदानाचा आशय आहे. या गावाने बेहार वाचून हा निर्णय घेतला नाही, हे उघडच आहे. पण बेहार वाचणाऱ्याला मेंढ्याचा दाखला समोर असल्यामुळे आपली सुटका करून घेता येत नाही. हे नियम जुने आहेत, अव्यवहार्य आहेत, असे म्हणून पान उलटणे त्याला कठीण जाते. सातबाऱ्यावर नाव असणे आणि जमिनीचा धनी असणे यांत अंतर किती, याचा विचार त्याला करावा लागतो.

आपल्याच नजरेतले टोळ

जूनच्या सुमारास ‘शेलाख’ येतो. वचनदत्त भूमीची पाहणी करण्यासाठी मोशे बारा हेर पाठवतो. चाळीस दिवसांनी ते द्राक्षांचा प्रचंड घड खांद्यावर घेऊन परततात. भूमी उत्तम आहे, याविषयी दुमत नसते. परंतु दहा जण सांगतात, की तेथली माणसे राक्षसांएवढी आहेत. त्यांच्यापुढे आपण स्वतःला टोळांसारखे वाटलो आणि त्यांनाही तसेच दिसलो. यहोशवा आणि कालेब हे दोघेच वेगळे मत देतात. लोक दहांचे ऐकतात आणि चाळीस वर्षे रानात भटकतात. प्राचीन भाष्यकारांनी येथे एक सूक्ष्म शंका काढली आहे. हेर स्वतःला टोळ समजले, हे एक वेळ समजू शकते. पण समोरच्यांना ते कसे दिसले, हे त्यांना कोणी सांगितले?

ज्या जिल्ह्यातील नेमणूक सरकारी नोकरवर्गात अनेक वर्षे ‘शिक्षेची बदली’ म्हणून ओळखली गेली, तेथील तरुणाला ही शंका झोंबल्यावाचून राहणार नाही. मागास, दुर्गम, नक्षलग्रस्त ही विशेषणे प्रथम बाहेरून येतात आणि काही काळाने माणूस आरशातही तीच वाचू लागतो. पुण्या-नागपूरच्या महाविद्यालयात गेल्यावर आपल्या गावाचे नाव हळू आवाजात घेणारा विद्यार्थी आपल्याच नजरेत टोळ झालेला असतो. समोरच्याने त्याला अजून नीट पाहिलेलेही नसते.

तथापि याच भागाला आणखी एक बाजू आहे आणि जंगलपट्ट्यातील वाचकाला ती इतरांआधी दिसते. ज्या भूमीची पाहणी चालली आहे, ती ओसाड नाही. तेथे आधीच माणसे राहतात, त्यांची गावे आहेत, द्राक्षांचे मळे त्यांनीच लावलेले आहेत. बाहेरून आलेले लोक आपल्या भूमीची मोजदाद करतात, तेव्हा काय वाटते, हे आदिवासी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. कोळसा आणि लोहखनिज यांसाठी ज्या जिल्ह्यांची जमीन वारंवार मोजली गेली, तेथे हा पाराशा हेरांच्या बाजूने जसा वाचता येतो, तसा डोंगरावर उभ्या असलेल्या मूळ रहिवाशांच्या बाजूनेही वाचावा लागतो. वैयक्तिक अर्थ म्हणजे केवळ दिलासा नव्हे, याची जाणीव येथे होते. कधी कधी तो ग्रंथाशीच वाद घालायला लावतो. ज्यू परंपरेला असा वाद निषिद्ध नाही. अब्राहामही देवाशी वाद घालतो आणि ग्रंथ ते नोंदवून ठेवतो.

झाड आणि अनोळखी मृतदेह

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पोळ्याच्या आगेमागे, ‘शोफेतीम’ हा भाग वाचला जातो. नगराला दीर्घ काळ वेढा घातला असता फळझाडे तोडू नयेत, असा आदेश त्यात आहे. त्याचे कारण सांगणारे शब्द मूळ हिब्रूत दोन प्रकारे वाचता येतात, कारण गुंडाळीत विरामचिन्हे नाहीत. राशी ते प्रश्नार्थक वाचतात : झाड हे काय माणूस आहे, की त्याला शत्रू समजून वेढावे? बाराव्या शतकातील भाष्यकार इब्न एझ्रा ते विधान म्हणून वाचतात : माणसाचे जीवन म्हणजे रानातले झाडच. एका वाचनात झाड माणसाच्या भांडणापासून मुक्त आहे. दुसऱ्यात झाड तोडणे म्हणजे स्वतःलाच तोडणे आहे. पुढील काळातील धर्मशास्त्रज्ञांनी या एका नियमातून कोणत्याही उपयुक्त वस्तूची नासाडी करू नये, असे व्यापक तत्त्व काढले. शेतासाठी जंगल साफ करतानाही मोहाचे झाड बांधावर वा शेताच्या मधोमध राखणाऱ्या गावांना या तत्त्वाची दोन्ही वाचने जगण्यातूनच ठाऊक आहेत.

याच भागाच्या अखेरीस एक विलक्षण विधी आहे. उघड्या रानात कोणाचा तरी मृतदेह सापडतो. मारणारा कोण, हे कळत नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांनी तेथून भोवतालच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावयाचे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल, त्याच्या वडीलधाऱ्यांनी एक कालवड मारून तिच्यावर हात धुवावयाचे आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही, असे जाहीर करावयाचे. यावर मिश्नामध्ये विचारले आहे, की गावच्या प्रतिष्ठितांनी खून केला, असा संशय तरी कोणाला येणार होता? मग ही घोषणा कशासाठी? तेथेच उत्तरही दिले आहे : हा माणूस आमच्या गावी आला असता आम्ही त्याला अन्नाविना परत पाठवले नाही, सोबतीविना एकटे सोडले नाही, एवढे त्यांना सांगता आले पाहिजे.

१९८० च्या दशकापासून गडचिरोलीच्या जंगलात हिंसेने अनेकांचे प्राण घेतले. त्यांत पोलीस होते, नक्षलवादी होते आणि खबऱ्या असल्याच्या संशयावरून मारले गेलेले साधे गावकरीही होते. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले, तेंदूपाने वा सरपण आणायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडतात. प्रत्येक वेळी दोषी कोण, याची चौकशी होते आणि दोषी आपण नाही, याचा प्रत्येकाला दिलासा वाटतो. शोफेतीम हा दिलासा पुरेसा मानत नाही. तो अंतर मोजायला सांगतो. मृतदेहापासून सर्वांत जवळचे गाव कोणते आणि त्या माणसाला पोटासाठी एकट्याने रानात जावे लागू नये, यासाठी त्या गावाने, त्या तालुक्याने काय केले होते? ज्याने गुन्हा केला नाही, त्यालाही उत्तर द्यावे लागते, हा या पाराशाचा सर्वांत अवघड बोध आहे.

वाचनाची शिस्त

या चार उदाहरणांतून पाराशावाचनाची शिस्त स्पष्ट होते. अनेक जण आठवड्याचा भाग सात हिश्श्यांत विभागून रोज एक हिस्सा वाचतात. प्रथम मजकूर काय म्हणतो हे पाहावयाचे. तो आपल्याला काय म्हणतो, हा प्रश्न त्यानंतरचा. वाचताना जेथे पाय अडखळतो, तेथे थांबावयाचे, कारण अडखळण्याची जागा हीच बहुधा अर्थाची जागा असते. मग ती जागा दुसऱ्या कोणापुढे ठेवावयाची. ज्यू परंपरेत दोघांनी मिळून, एकमेकांच्या चुका काढीत अभ्यास करण्याची रीत आहे. तिला ‘हवरुता’ म्हणतात. एकट्याने लावलेला अर्थ मनाचे लाड पुरवणारा असू शकतो. सोबती त्याला जमिनीवर आणतो. शेवटी, शब्बाथच्या भोजनाच्या वेळी त्या भागाविषयी घरात चार शब्द बोलले जातात, मुलांना प्रश्न विचारले जातात.

अवघड भाग गाळावयाचे नाहीत, हाही या शिस्तीचाच भाग आहे. गणना या पुस्तकाच्या अखेरीस मिद्यानी लोकांशी झालेल्या युद्धाचे वर्णन येते. ते आजच्या वाचकाला अस्वस्थ करणारे आहे. निवडून वाचण्याची मुभा असती, तर ते पान कधीच उघडले गेले नसते. दरवर्षी ते उघडावे लागते आणि दरवर्षी त्याच्यापुढे निरुत्तर व्हावे लागते. अर्थ न सापडणे हेही कधी कधी प्रामाणिक वाचनाचे फळ असते.

चंद्रपूर-गडचिरोलीला अशा वाचनाची सवय नाही असे मुळीच नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहाराविहारांतून क्रमाने चालते. श्रीगुरुदेव सेवा मंडळांतून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेचे सामुदायिक वाचन होते. मेंढा (लेखा) येथे निर्णय सर्वसहमतीने घेतले जातात आणि त्याआधी अभ्यासगटात बसून कायदे, नियम, जंगलाची माहिती वाचली व चर्चिली जाते. तेथे वाचला जातो तो धर्मग्रंथ नव्हे, पण रीत तीच आहे : मजकूर सर्वांपुढे, शंका काढण्याचा अधिकार प्रत्येकाला आणि वाचून झाल्यावर काहीतरी करण्याची जबाबदारी.

या सर्व परंपरांपुढे धोकाही एकच आहे. वाचन पार पडते, प्रसाद वाटला जातो आणि मजकूर कोणालाही न शिवता निघून जातो. पाराशाची परंपरा त्यावर पुनरावृत्तीचा उपाय करते. ‘सिम्हात तोरा’ या सणाच्या दिवशी शेवटचा भाग वाचला जातो. त्यात मोशे वचनदत्त भूमी डोंगरावरून पाहतो आणि तिच्यात पाऊल न टाकताच मरण पावतो. त्यानंतर लागलीच, त्याच दिवशी, जगाच्या निर्मितीचा पहिला भाग वाचावयास घेतात. तोराचे अखेरचे अक्षर ‘लामेद’ आणि पहिले अक्षर ‘बेत’ आहे. ती जोडली असता हिब्रूत ‘लेव’ म्हणजे हृदय हा शब्द होतो, याकडे परंपरा आवर्जून लक्ष वेधते. वर्षभरात राहून गेलेला प्रश्न त्यामुळे बुडत नाही. मेत्सोरा पुढल्या एप्रिलमध्ये पुन्हा येतो, शोफेतीम पुढल्या पोळ्याला पुन्हा येतो आणि छावणीबाहेरच्या माणसाकडे कोणी गेले का, रानातल्या मृतदेहापासूनचे अंतर कोणी मोजले का, हे नव्याने विचारतो.